धांवत्या मोटारींतून उत्तर

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनीं १९२८ सालच्या एप्रिल महिन्यांत मोटारींना बिनतारी हुकूम धाडण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं कित्येक वर्षें त्यांची खटपट चालू होती. रस्त्याच्या हिसक्यांनीं व्हॉल्व्ह निकामी होत आणि गाडी वळण घेतांच आवाज नाहींसा होई. शिवाय प्रारंभीं परवाना मिळाला तो करमणुकीच्या केंद्राचा! त्यामुळें चोराचा पत्ता सांगावयाचा तोहि गाण्याबजावण्याच्या मधून.

पण हुकूम सुटला तरी तो पोंचला कीं नाहीं, हें ठाण्यावरील माणसास कळत नसे. मोटारींत केवळ ग्राहक यंत्र. उत्तर देण्यास शिपायानें रस्त्यावरील टेलिफोन गांठावयाचा. मेलबर्न येथील पोलिसांनीं १९२३ मध्येंच मोटारींतून तारायंत्राच्या कट्ट-कडट्ट भाषेंत उत्तर धाडलें होतें. मात्र त्यासाठीं ती लिपि जाणणारा माणूस गाडींत बसवावा लागे. तोंडानें बोलून उत्तर देणाऱ्या पोलीस मोटारी न्यू जर्सी प्रांतांतील बेयॉन गांवीं १९३३ सालीं निघाल्या.

तरीहि एक पीडा उरली. एंजिनांतील प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसें प्रेषक यंत्रच. तिची तडतड बोलण्यांत मिसळे. ही तडतड लहरींची उंची बदलते. तेव्हां उंचीऐवजीं लहरींची कंपनसंख्या बदलून शब्द धाडले, तर ग्राहक यंत्राला उंचींतील फेरफार छाटून टाकतां येतो. प्राध्यापक डॅनियल नोबल यांनीं या पद्धतीवर आखलेली योजना कनेक्टिकट प्रांताच्या पोलिसांनीं १९४० सालीं स्वीकारली.

यंत्र मोटारींत बसवितांना आजहि खरें लक्ष द्यावें लागतें तें तारांकडे. वीज थेट बॅटरीवरून जाड तारेनें आणावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ ठेवावा. तो यंत्रापाशीं ठेवला, तर मधली तार पत्र्यावर घासून उघडी पडल्यास गाडी पेट घेईल आणि फ्यूज मात्र शाबूत राहील! एरियलची जागा छताच्या मध्यभागीं. दोन मीटर लांबीच्या लहरीस पाव लांबीची, म्हणजे सुमारें ५० सेंटिमीटरची काठी पुरते. उरलेलें काम छताचा पत्रा करतो. एरियल जोडल्यावांचून बोलण्याचें बटन दाबूं नये. बाहेर न गेलेली शक्ति उलटून यंत्रासच तापविते.

वापरण्याची रीत टेलिफोनहून निराळी आहे. बटन दाबलेलें असतां ऐकूं येत नाहीं, आणि एकाच वेळीं दोघांनीं दाबलें तर बहुधा कोणाचेंच बोलणें नीट कळत नाहीं. म्हणून प्रथम कान द्यावा, मग बटन दाबून क्षणभर थांबावें आणि थोडक्यांत बोलावें. एखादा घायाळ शिपाई मदत मागत असतां दुसऱ्याच्या गप्पा चालू असल्या, तर ती हांक वायां जाते. संकटांत असणारानें ठिकाण आधीं सांगावें, हकीकत मागाहून. आवाज मध्येंच तुटला तरी मदतीची गाडी कोठें धाडावयाची तें समजतें.

उंच इमारतींच्या गल्लींत आवाज एकाएकीं बंद पडला म्हणजे यंत्र बिघडलें असें नव्हे. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारीत असतात. मोटार हातभर पुढें घेतली कीं पुष्कळदां तोच आवाज पुन्हां स्पष्ट येऊं लागतो.