मागच्या चाकातले ब्रेक ऑइल
(गढा येथील गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातले पुष्कळ जण व्हीकल फॅक्टरीत नाहीतर गन कॅरेजमध्ये उमेदवारी केलेले. १९९९ पर्यंत इथे बनलेली जोंगा त्यांनी उलटीसुलटी पाहिली आहे. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. त्यांना आज नवे काही मिळणार नाही. मी बोलतो आहे ते दिवाळीला स्वतः गाडी घेऊन सिवनीमार्गे नागपूरला जाणाऱ्या तरुण मंडळींसाठी. वाटेत कुरईचा घाट लागतो, आणि घाटात ब्रेकला पर्याय नसतो. छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आली, तरी मागे बहुतेकांना अजून ड्रमच आहे.

आपण पेडल दाबतो तो जोर तेलावाटे ड्रमच्या आतल्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो. तिथले दोन पिस्टन बाहेर सरकून शू ड्रमवर दाबतात. पिस्टनमागे रबरी कप असतात, तेल अडवण्याचे काम त्यांचे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. सिलिंडरला आतून गंज धरतो, बारीक खड्डे पडतात आणि त्यांवर घासून कपाची कड कापली जाते. डॉट-३ तेल नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे. हा खर्च लोक का टाळतात, मला कळत नाही.

बॉनेटखालच्या डबीतली पातळी वर्षभरात थोडी उतरते, कारण पॅड झिजतात. पण महिन्यात दोनदा तेल घालावे लागले तर ते कुठेतरी गळते आहे. टायरच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या तळाशी बोट फिरवा. ओल लागली तर थेंबभर पाण्यात घाला: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, एक्सलचे तेल वर तरंगते. ओम्नी किंवा अँबॅसॅडरसारख्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा फरक पाहायलाच हवा. नाहीतर खराब एक्सल सील आणि बदलले सिलिंडर, असे होते.

ड्रम काढण्याआधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको) आणि मगच हँडब्रेक सोडा. ड्रम अडला तर हातोडा उगारू नका. बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोके असतात; त्यांत बोल्ट आलटूनपालटून कसले की तो सरळ बाहेर येतो. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने पुसा. मग सिलिंडरचे रबरी टोपण हलकेच उचला. नुसता दमटपणा चालेल, तेल वाहिले तर कप गेले.

आतून सिलिंडर गुळगुळीत असेल तर नुसते किट टाकून भागते. नखाला खड्डा लागला तर नवा सिलिंडरच बसवा. रबर पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊ नका, ते फुगते. ताजे ब्रेक ऑइल वापरा.

तेल प्यालेले शू मात्र टाकूनच द्यावेत. एका सहकाऱ्याच्या गाडीचे शू गॅरेजवाल्याने पॉलिश पेपरने घासून परत बसवले. लायनर गरम झाला की आतले तेल वर येते. पहिल्याच पावसात गाडी एका बाजूला ओढू लागली. शू दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, एका चाकाचे नाही.

शेवटी हवा काढणे. निपल गंजलेला असतो, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवा. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचे, मगच पेडल सोडायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि डबी रिकामी होऊ द्यायची नाही. सांडलेले तेल लगेच पाण्याने धुवा, रंग खाते.

नंतर इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. कुठे गळती नसताना ते हळूहळू खाली गेले तर दोष मास्टर सिलिंडरात आहे. गाडी आठ दिवस गावातच चालवा आणि टायरमागे पुन्हा एकदा बोट फिरवून पाहा.