थांबा म्हणण्याचा अधिकार

 पिंपरी-चिंचवड ही नगरी मोटारींची म्हणून ओळखली जाते. पण स्कूटर आणि ट्रकच्या आधी इथे पेनिसिलिन आले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आणि आरोग्याशी असलेले या मातीचे नाते तेव्हापासूनचे आहे. पुढे 1982 मध्ये महापालिका झाली, संत तुकारामनगरात यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उभे राहिले, आज तिथे पदव्युत्तर शिक्षणही चालते. 2001 साली दहा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या 2011 मध्ये सतरा लाखांच्या पुढे गेली. चाकणच्या कारखान्यांसाठी मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला कामगार आजारी पडला की याच आरोग्य यंत्रणेच्या दारात येतो. इथे बदल ही अधूनमधून येणारी अडचण नाही. तो रोजचा आहे.

अशा बदलाच्या काळात रुग्णालयाला नेतृत्व हवे, असे म्हटले की आपल्या नजरा वर जातात: आयुक्त, अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक. त्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे की रुग्णालय तगते की ढासळते, हे वॉर्डात ठरते. रात्रपाळीला असलेली परिसेविका, पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, उपकेंद्रावरची एएनएम यांना निर्णय घेण्याचा आणि गरज पडल्यास ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. जानेवारी 2025 मध्ये पुणे परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. अशी साथ आकडेवारीच्या तक्त्यात उशिरा दिसते, वॉर्डात आधी दिसते. जिला ती आधी दिसते तिचे ऐकण्याची सोय आपण केली आहे का?

याचा पुरावा शस्त्रक्रियागृहात सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीत अवघ्या एकोणीस बाबी आहेत. रुग्ण तोच ना, बाजू बरोबर ना, भूल देण्याची तयारी झाली का, कापड-सुया मोजल्या का, असे साधे प्रश्न. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरली गेली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शस्त्रक्रियेनंतरचा मृत्युदर 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर, तर गुंतागुंतीचे प्रमाण 11 वरून 7 टक्क्यांवर आले. अशीच यादी पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात सरकारी आदेशाने लागू झाली. 101 रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये आला. यादी जवळपास सगळीकडे भरली जात होती, पण मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. तिथला मृत्युदर मुळातच कमी होता हे खरे, त्यामुळे सगळा दोष आदेशावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही या दोन निष्कर्षांमधले अंतर मला महत्त्वाचे वाटते. यादीचा जीव परिचारिकेने सर्जनला थांबवण्यात आहे. तिने विचारले आणि सर्जन थांबला, तर यादी काम करते. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करून कागद फाईलला लागला, तर तो नुसता कागद.

यावर कोणी म्हणेल की अशा तपासणी-याद्या कारखान्याला शोभतात, रुग्णालय हा कारखाना नव्हे. मान्य आहे, सुट्या भागाला वेदना नसते, भीती नसते. पण अनेक वाहन कारखान्यांत दोष दिसताच कामगार लाइन थांबवू शकतो. सुट्या भागासाठी ही मुभा असेल आणि माणसाच्या पोटावर सुरी ठेवताना नसेल, तर ही तुलना आपल्याला लाजवणारी आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: आणीबाणीत हुकूम एकाचाच चालला पाहिजे. चालू दे. मात्र हुकूम देणाऱ्याला खरी परिस्थिती कळण्यासाठी खालच्याने निर्भयपणे बोलायला हवे. कोविडमध्ये नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर काही आठवड्यांत सुमारे 800 खाटांचे जम्बो केंद्र उभे करता आले, पण खाटेजवळ बसून ऑक्सिजन उतरतोय हे ओळखणारी नजर तितक्या वेगाने उभी करता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत बळकट वाटतो: माणसेच कमी आहेत, तिथे हा अधिकार वापरण्याचे, नेतृत्वाचे प्रशिक्षण कुणाला आणि केव्हा द्यायचे? रिक्त पदांना नेतृत्व हा पर्याय नाही, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. त्याहून पुढे जाऊन म्हणेन की अकरा महिन्यांच्या करारावर असलेली परिचारिका वरिष्ठाची चूक दाखवणार नाही, कारण तिला करार वाढवून हवा असतो. कंत्राटीकरणाचा हा परिणाम आपण हिशेबात धरतच नाही. पण वेळ नाही म्हणून शिकवायचे नाही, हेही मला पटत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले तेव्हा त्यांच्याकडे फारसा पैसा नव्हता, फारसे मनुष्यबळही नव्हते. त्यांनी गावातल्या बायका निवडल्या, त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, आणि त्यांना पुन्हा पुन्हा जामखेडला बोलावून वर्षानुवर्षे शिकवले. एका दिवसाच्या कार्यशाळेवर आणि प्रमाणपत्रावर ते थांबले नाहीत. गावाच्या आरोग्याचे निर्णय त्या बायका घेऊ लागल्या, आणि डॉक्टरांचे स्थान त्यामुळे कमी झाले नाही.

म्हणून या आरोग्य परिषदेत ठराव मांडताना माझी एक आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक रुग्णालयात परिसेविका आणि निवासी डॉक्टरांना दर आठवड्याला ड्यूटीच्या वेळेतच एक तास मिळावा. त्यात घडलेल्या आणि घडता घडता टळलेल्या चुका कारवाईच्या भीतीविना मांडल्या जाव्यात, आणि अधीक्षकांनी त्या तासाला बसून ऐकावे. खर्च जवळजवळ नाही. उद्याच्या चर्चासत्रात पहिला शब्द परिचारिकांना द्यावा, अशी विनंती मी परिषदेच्या अध्यक्षांना केली आहे.