समूहगानाचा आधार : ऑर्गनवादक बाख



ऑर्गन हे नाव मराठी माणसाला परके नाही. संगीत नाटकांच्या वैभवकाळात पायांनी भाता चालवीत नटाच्या गाण्याला सूर देणारा ऑर्गनवादक जुन्या रसिकांच्या आठवणीत आजही आहे. नाटक संपल्यावर टाळ्या नटाला मिळत. पण ऑर्गनचा सूर क्षणभर जरी थांबला, तरी पद पोरके झाल्यासारखे वाटे. ज्या युरोपातून हे वाद्य भारतात आले, तेथे त्याचा थोरला बंधू शतकानुशतके चर्चच्या सज्जात उभा आहे. त्याच्यापुढे बसणाऱ्या वादकाचे कामही असेच : आपण दृष्टीआड राहायचे आणि शेकडो कंठांना आधार द्यायचा. अशा वादकाचे रोजचे जीवन कसे असे, तो काय वाजवी आणि कोणासाठी वाजवी, हे समजून घेण्यासाठी योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराच्या तरुणपणाइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम वाद्याविषयी. पेटीत पितळी पातींच्या कंपनातून सूर निघतो. चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये मुख्यतः धातूच्या आणि लाकडाच्या नळ्या असतात. काही नळ्या बोटाएवढ्या, तर काही दुमजली घराइतक्या उंच. वादकाच्या हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी एकावर एक असतात आणि पायांखालीही खर्जाच्या स्वरांसाठी लाकडी पट्ट्या असतात. बाजूच्या खुंट्या ओढल्या की नळ्यांचे वेगवेगळे संच बोलू लागतात : एक बासरीसारखा, एक तुतारीसारखा, एक गंभीर घुमणारा. पट्टी कितीही जोराने दाबली तरी आवाज वाढत नाही. बोट उचलेपर्यंत स्वर एकसारखा राहतो. त्यामुळे खुंट्यांची निवड आणि स्वर नेमका कधी सोडायचा याची जाण, यांतच वादकाचे कसब दिसते. विजेचे पंखे येण्यापूर्वी भाते चालवण्यासाठी माणसे लागत. भात्यावर पाय देणारा तो सेवक आला नाही, तर थोरातल्या थोर वादकालाही मौन पाळावे लागे.

आता या वाद्याच्या कामाविषयी. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने उपासनेत सर्वसामान्य लोकांनी स्वतः गावे आणि आपल्या मातृभाषेत गावे, असा आग्रह धरला. १५२४ मध्ये जर्मन स्तोत्रांची छोटी पुस्तके छापून लोकांच्या हाती आली. साध्या, सरळ चालींची ही स्तोत्रे 'कोराल' या नावाने ओळखली जातात. शेतकरी, विणकर, व्यापारी आणि शाळकरी मुले ती एकत्र गात. पुढे या गायनाला ऑर्गनची साथ रूढ होत गेली. ऑर्गनवादकाचा सारा व्यवहार या लोकगायनाभोवतीच फिरू लागला. उपासनेच्या आरंभी तो पूर्वरंग वाजवी. प्रत्येक स्तोत्रापूर्वी त्याच्या चालीची ओळख करून देणारी छोटी रचना, म्हणजे 'कोराल-प्रिल्यूड', सादर करी. मग कडव्यामागून कडव्याला साथ करी. आणि अखेरीस लोक बाहेर पडताना एखादी भारदस्त रचना वाजवून निरोप देई. यातील बराचसा भाग लिहिलेला नसे, तो तेथेच सुचावा लागे.

१६८५ साली जन्मलेल्या बाखचे आई-वडील तो दहा वर्षांचा होण्यापूर्वीच वारले. ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाने त्याला वाढवले. १७०३ च्या उन्हाळ्यात आर्नश्टाट या लहान गावातील 'नव्या चर्च'मध्ये बांधलेला ऑर्गन तपासण्यासाठी त्याला बोलावण्यात आले आणि ऑगस्टमध्ये तेथेच त्याची नेमणूक झाली. तेव्हा त्याचे वय अठरा होते. पन्नास फ्लोरिन वार्षिक वेतन आणि भोजन-निवासासाठी तीस थेलर, अशा अटी ठरल्या. वेळेवर हजर राहावे, वाद्य निगुतीने जपावे, काही बिघडल्यास त्वरित कळवावे आणि वरिष्ठांना न विचारता कोणालाही वाद्याजवळ येऊ देऊ नये, असे त्याच्या नेमणूकपत्रात होते. रविवारी सकाळी आठ ते दहा, सोमवारी प्रार्थनेची वेळ आणि गुरुवारी सात ते नऊ, एवढेच साप्ताहिक काम. त्यात सणांच्या दिवशी भर पडे. उरलेला वेळ साधनेसाठी मोकळा होता आणि बाखने तो वाया दवडला नाही.

१७०५ च्या शरदात त्याने चार आठवड्यांची रजा मागितली, चुलतभावाला आपल्या जागी बसवले आणि तो उत्तरेकडील ल्यूबेक शहराकडे निघाला. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रलेखात तो हे अंतर पायी गेल्याचे म्हटले आहे. तेथे सेंट मेरी चर्चमध्ये डीट्रिख बुक्स्टेहुडे हा वयोवृद्ध ऑर्गनवादक होता. तो चर्चचे हिशेबही सांभाळी आणि नाताळापूर्वीच्या काही रविवारी नागरिकांसाठी 'सायंसंगीत' नावाच्या मैफली भरवी. व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या या मैफलींना प्रवेशमूल्य नसे. गुरूच्या शोधात पायपीट करणारा शिष्य भारतीय संगीतपरंपरेला चांगलाच ठाऊक आहे. बाख त्याच जातीचा होता. चार आठवडे कधीच उलटले. तो परतला तो सुमारे चार महिन्यांनी.

२१ फेब्रुवारी १७०६ रोजी चर्चच्या अधिकारी मंडळाने त्याला समोर बोलावले. या चौकशीची नोंद आजही उपलब्ध आहे आणि ती वाचताना तीनशे वर्षांचे अंतर मिटून जाते. इतके दिवस कोठे होतास, या प्रश्नावर आपल्या कलेतील काही गोष्टी समजून घेण्यासाठी गेलो होतो, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. तो स्तोत्रांच्या साथीत विचित्र फिरती घेतो, अनोळखी स्वर मिसळतो आणि त्यामुळे गाणारे लोक गोंधळून जातात, असे मंडळाचे म्हणणे होते. पूर्वी त्याचे वादन फार लांबत असे. त्याबद्दल हटकले, तर तो दुसऱ्या टोकाला जाऊन अगदीच आखूड वाजवू लागला, असेही नोंदीत आहे. विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाशी त्याचे जमत नव्हते, हा आणखी एक ठपका.

या प्रसंगाकडे पाहताना प्रतिभावंताला न ओळखणारे कोते अधिकारी, असा निवाडा करणे सोपे आहे. परंतु त्या बाकांवर बसलेल्या माणसांचाही विचार करायला हवा. आठवडाभर कष्ट करून आलेली एखादी स्त्री आपल्या आईकडून शिकलेले स्तोत्र गाऊ पाहते. ओळ संपते, सज्जातून स्वरांचा लोंढा कोसळतो आणि पुढची ओळ कोठे उचलायची हे तिला कळत नाही. तिचे गाणे तिच्या ओठांवरच थांबते. ज्याने आधार द्यायचा, त्यानेच वाट अडवली, तर तक्रार कोणाकडे करायची? वीस वर्षांच्या बाखपाशी विद्या अफाट होती. ती कोणासाठी वापरायची, याचे उत्तर मिळायला अजून काही वर्षे लागणार होती.

१७०७ मध्ये तो म्यूलहाउझेनला आणि १७०८ मध्ये वायमारच्या दरबारात ऑर्गनवादक म्हणून गेला. वायमारमध्ये त्याने एक लहानशी वही करायला घेतली. 'ऑर्गेलब्यूखलाइन', म्हणजे 'ऑर्गनची छोटी पुस्तिका', हे तिचे नाव. नवशिक्या वादकाला कोरालचा विस्तार नाना परींनी कसा करावा हे कळावे आणि पायांच्या पट्ट्यांवर त्याचा सराव व्हावा, हा तिचा हेतू त्याने पुढे मुखपृष्ठावर नोंदवला. यातील बहुतेक रचना मिनिट-दोन मिनिटांच्या आहेत. बहुतेक ठिकाणी स्तोत्राची चाल वरच्या स्वरात, ओळखू येईल अशी सरळ चालते. खाली हात आणि पाय त्या शब्दांचा भाव विणत राहतात. पतनाची गोष्ट सांगणाऱ्या स्तोत्रात पायांचे स्वर खरोखरच मोठमोठ्या अंतरांनी खाली कोसळतात. आर्नश्टाटमध्ये लोकांना बिचकवणारे धाडस येथेही आहे. मात्र आता ते चालीच्या पोटात शिरले आहे. गाणाऱ्याची वाट मोकळी ठेवूनही किती खोलवर जाता येते, हे या वहीच्या पानापानांवर दिसते.

पुढे नव्या ऑर्गनची पारख करण्यासाठी त्याला दूरदूरहून बोलावणी येऊ लागली. अशा वेळी तो प्रथम सर्व खुंट्या ओढून, भरगच्च स्वरमेळ वाजवून पाही. वाद्याची फुप्फुसे बळकट आहेत ना, हे आधी कळले पाहिजे, असे तो गमतीने म्हणे, ही आठवण त्याच्या मुलाने लिहून ठेवली आहे. देखणी नक्षी आणि चकचकीत नळ्या नंतर. श्वास पुरतो की नाही, हा पहिला प्रश्न. पुढील आयुष्यात, १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो लाइप्त्सिगच्या सेंट थॉमस शाळेत मुलांना संगीत शिकवण्याच्या पदावर राहिला. विद्यार्थ्यांशी न जमणारा तरुण अखेर एका शाळेचा झाला.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या, तिला आपली मुले सोपवणाऱ्या आणि तिच्या प्रार्थनेत कधी काळी सूर मिसळलेल्या सर्वांना या कथेतील एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. बाखच्या ऑर्गनसंगीताचा केवढा तरी भाग सामान्य माणसांनी मातृभाषेत गायलेल्या साध्या गाण्यांवर उभा आहे. ते समूहगान नसते, तर त्या पुस्तिकेतील एकही रचना जन्मली नसती.

'ऑर्गनची छोटी पुस्तिका' अपुरी राहिली. एकशे चौसष्ट स्तोत्रांसाठी त्याने पाने आखली आणि त्यांची नावे लिहिली. त्यांपैकी पूर्ण रचना झाल्या सेहेचाळीस. उरलेल्या पानांवर वर स्तोत्राचे नाव आहे आणि खाली कोऱ्या रेघा. ती गाणी मात्र हरवली नव्हती. दर रविवारी लोक ती गातच होते, आणि सज्जात बसलेला कोणी ना कोणी वादक त्यांना सूर देतच होता.