मटण बंद झालंय, रस्सा नाही

आधीच सांगतो, आजचा भाग जन्मापासून व्हेज असलेल्यांसाठी नाहीये. त्यांनी ऐकला तर आनंदच. पण हा भाग आहे ज्यांना मटण आवडतं, उद्याही आवडणार आहे, आणि तरीही आज ताटात मटण नाही, त्यांच्यासाठी. कारण काहीही असू दे. सोमवार असेल, श्रावण असेल, महिनाअखेर असेल, रूममेट व्हेज असेल, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलं असेल.

अशा माणसाला आपण खायला काय देतो? हॉटेलात पनीर. नाहीतर ते व्हेज कोल्हापुरी. मी कोल्हापूरकडचा आहे, आमच्या अख्ख्या भावकीत ते कुणी घरी करत नाही. फ्लॉवर, गाजर, फरसबी आणि लाल रंग, एवढंच ते. आणि घरी काय, तर दुधी. मग तो माणूस गप जेवतो आणि रात्री साडेदहाला फोनवर बिर्याणी शोधत बसतो. यात त्याचा काय दोष?

गंमत अशी की आपण मटण खाणारे लोक मुळात रोज मटण खातच नाही. हिशोब करा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा नाहीतर देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातून एकादशी, संकष्टी, अख्खा श्रावण आणि नवरात्र वजा करा. म्हणजे बहुतेक घरांत वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस बिनमटणाचेच. आणि म्हणूनच मटणाची चव माहीत असलेल्या बायकांनी त्या दिवसांसाठी जे पदार्थ शोधून काढले, ते भारी आहेत. इंटरनेटवर ‘मीटलेस मील’ शोधायची गरजच नाही, शेजारच्या काकूंना विचारा.

मी हे सगळं शोधायला लागलो ते पप्पांमुळे. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, मटण महिन्यातून एकदा, तेही दोन-तीन पीस. ज्या माणसाचा रविवार सकाळी सात वाजता मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत सुरू व्हायचा, त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. आईनं मन लावून पथ्याचं करायला घेतलं. दुधी, पडवळ, मुगाची पातळ आमटी. पप्पा निम्मी भाकरी टाकून उठायला लागले. आई फोनवर म्हणायची, “जेवत न्हाईत रे, नुसतं ताटाकडं बघत बसतात.” मग कळलं की दर पंधरा दिवसांनी ‘जरा चौकात जाऊन येतो’ म्हणून ते खानावळीत जातात. म्हणजे पथ्यही गेलं आणि घरचं जेवणही गेलं.

मी कोड लिहून पोट भरतो. एखादा भाग सिस्टिममधून काढून टाकायचा असेल तर आधी बघतो, तो नेमकी काय-काय कामं करत होता. मटणाचं पण तसंच बघू.

पहिलं, रस्सा. पप्पांच्या लहानपणी घरात आठ माणसं आणि मटण अर्धा किलो. वाट्याला पीस किती येणार? दोन. पोट भरायचं ते रस्सा आणि भाकरीनं. म्हणजे ज्याला आपण ‘मटण खाणं’ म्हणतो त्यात मटण कमी आणि वाटण जास्त. खोबरं, कांदा, तीळ, खसखस, लसूण, आणि वर कांदा-लसूण चटणी. यात मांस कुठंय? डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं, रस्सा नाही. दुधीच्या भाजीत रस्सा पण गेला, ही खरी अडचण.

दुसरं, दाटपणा. हाडं शिजली की त्यातून जिलेटिन उतरतं आणि रस्सा ओठाला जरा चिकटतो. पाण्यात मसाला उकळून ते येत नाही. तिसरं, चावायला काहीतरी. आणि चौथं, पोटात टिकणं, म्हणजे मुख्यतः प्रोटीन.

लोक गडबड करतात ती तिसऱ्या आणि चौथ्यात. फणसाची कोवळी कुयरी घ्या. बंगालीत तिला ‘गाछपाठा’ म्हणतात, म्हणजे झाडावरचा बोकड, इतका तिचा रेषा मांसासारखा. पण 100 ग्रॅममध्ये प्रोटीन दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास. अळंबीत, म्हणजे मशरूममध्ये, साधारण तीन. चावायला मस्त, पण दोन तासांनी परत भूक. उलट कोरड्या मसूरमध्ये 100 ग्रॅमला साधारण 24 ग्रॅम, पण नुसती मसूर खाताना दातांना काम नसतं. म्हणून माझा नियम: एका ताटात एक चावायचं आणि एक टिकायचं, दोन्ही हवं. कुयरीच्या रश्श्यात मूठभर चणे टाका. मशरूम केलं तर सोबत उसळ ठेवा.

सोयाबीनच्या वड्यांत दोन्ही आहे. कोरड्या वड्यांत 100 ग्रॅमला 50 ग्रॅमच्या वर प्रोटीन, कारण तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या त्या बनतात. लोक त्यांना नावं ठेवतात कारण त्या नीट पिळत नाहीत. मिठाच्या पाण्यात उकळा, गार पाण्यात दोनदा धुवा, घट्ट पिळा, मग आलं-लसूण, हळद, तिखट आणि दही लावून अर्धा तास ठेवा. पिळलेली वडी स्पंजसारखी मसाला ओढते. पाणी भरलेली वडी काय ओढणार?

आता वाटण. इथं घाई चालत नाही. कांदा उभा चिरून तव्यावर अगदी थोड्या तेलात पंधरा मिनिटं तरी भाजायचा, कडा काळपट होईपर्यंत. सुकं खोबरं वेगळं भाजायचं, तीळ आणि खसखस वेगळी, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. गुलाबी कांद्याच्या वाटणाला व्हेज भाजीची चव येते आणि तपकिरी-काळपट कांद्याच्या वाटणाला मटणाच्या रश्श्याची. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे. मांस परतल्यावर जो खमंगपणा येतो, त्याच जातीचा खमंगपणा या भाजण्यातून येतो. वाटण परतून झालं की पाणी गरमच घालायचं.

आता पथ्याचा प्रश्न. मी डॉक्टर नाही. पण खोबऱ्यातली चरबी बहुतेक सॅच्युरेटेड असते, म्हणून ‘व्हेज आहे, खा कितीही’ असं होत नाही. घरी आम्ही खोबरं निम्म्यावर आणलं आणि त्याजागी दोन चमचे शिजलेली मसूर वाटणातच वाटली. दाटपणा तिथून येतो, हाडांची उणीव भासत नाही. चार माणसांना तेल दोन मोठे चमचे. तर्री कमी दिसते, त्यावर पप्पांची टिप्पणी असतेच.

कोल्हापूर-सांगलीकडं हे आधीपासून कळलेलं आहे. हायवेवरच्या ढाब्यांचा अख्खा मसूर बघा. मटण खाणारे ट्रकवाले पण तो आवडीनं खातात. मसूर फार भिजवावी लागत नाही, त्यामुळं ऑफिसवरून आठला आलात तरी नऊला जेवाल.

रविवारचा वेळ हातात असेल तर मात्र मासवडी. ही जुन्नर, आंबेगाव, नगरकडची. बेसन पाण्यात घट्ट शिजवायचं, ओल्या कापडावर गरम असतानाच थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं आणि कापडानंच गुंडाळी करून दोन्ही बाजूंनी दाबायचं. आकार माशासारखा होतो, म्हणून मासवडी. मग वड्या कापायच्या आणि झणझणीत पातळ रस्सा, बाजरीची भाकरी. वडी रश्श्यात उकळत ठेवू नका, ताटात बुडवून खा. या जेवणाची मजा अशी की याला मेहनत लागते. मटणाच्या दिवशी घरात जी गडबड असते, कुणी कांदा सोलतंय, कुणी लसूण, ती इथं पण असते. दुधीला अशी गडबड कुणी करत नाही, आणि जेवणाऱ्याला ते बरोबर कळतं.

कोकणात कोंबडी नसेल त्या दिवशी काळ्या वाटाण्याची आमटी असते. भाजलेल्या वाटणाची, सोबत वडे नाहीतर आंबोळ्या. माशाची आठवण येत असेल तर सुरण किंवा नीरफणसाचे काप. सुरमईला लावता तेच लावायचं, हळद, तिखट, आगळ, वरून रवा आणि तांदळाचं पीठ. सुरण आधी चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात उकडून घ्या, नाहीतर घसा खाजेल. आणि मशरूम करणार असाल तर आधी मोठ्या आचेवर, मीठ न घालता, पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. पाकिटातलं नकली मटण मी दोनदा आणलं. महाग आहे आणि आपल्या वाटणापुढं त्याची चव टिकत नाही, एवढंच बोलतो.

पप्पांचं काय झालं? पहिल्या मासवडीला म्हणाले, “ह्यात हाड न्हाई.” मग तिसरी भाकरी मागितली. आईनं ती चुपचाप वाढली आणि मला डोळ्यांनी खुणावलं. खानावळीत जाणं पूर्ण थांबलंय असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ताट आता रिकामं होतं, आणि महिन्यातला तो एक मटणाचा रविवार ते कॅलेंडरवर पेनानं गोल करून ठेवतात. त्या दिवशी आम्ही सगळेच खातो, पीस मोजून, रस्सा न मोजता.

काळे वाटाणे रात्रभर भिजावे लागतात. उद्याचा बेत असेल तर हेडफोन काढा, उठा आणि आत्ताच भिजत घाला. एका माणसाला अर्धी वाटी पुरे.