लोणकढे तूप आणि कायदा

मराठीत तूप लोणकढे असते आणि थापही लोणकढीच असते. १९३० नंतरच्या दशकात देशात वनस्पती तुपाचे कारखाने निघाले, आणि तूप व थाप ही दोन्ही एकाच डब्यात नांदू लागली. हायड्रोजनच्या योगाने गोठविलेले ते तेल पांढरे, दाणेदार आणि तुपाहून पुष्कळ स्वस्त होते. खऱ्या तुपात ते मिसळले की डोळा फसे आणि जीभही फसे.

वनस्पतीला रंग द्यावा, अशी मागणी तेव्हा वारंवार होई. परंतु असा रंग निरुपद्रवी हवा, उष्णतेत टिकणारा हवा आणि लबाडाला सहजी काढता न येणारा हवा. शासनाने अखेर निराळीच युक्ती योजिली. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल असणे सक्तीचे केले. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युराल यांच्या सान्निध्यात तिळाचे तेल लालसर होते. शुद्ध तूप होत नाही. म्हणजे भेसळ करणारा आपल्याविरुद्धचा साक्षीदार स्वतःच डब्यात घालू लागला.

मात्र हा साक्षीदार वनस्पतीपुरताच बोलतो. अन्य चरबी मिसळली तर तो मुका. म्हणून तुपातील बाष्पनशील आम्लांचे मानही तपासावे लागते. येथे न्यायाचा नाजूक प्रश्न उभा राहतो. हे मान गुरांच्या चाऱ्यावर अवलंबून असते. सौराष्ट्रासारख्या कापसाच्या मुलखात सरकी खाणाऱ्या गुरांच्या निर्भेळ तुपातही ते कमी भरते. सर्व देशाला एकच माप लावले असते, तर तेथील प्रामाणिक गवळी गुन्हेगार ठरला असता. म्हणून १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत प्रदेशपरत्वे निरनिराळी किमान माने ठरविण्यात आली.

त्याच कायद्याने नमुन्याचे तीन भाग करून ते मोहोरबंद करण्याची रीत घातली. विश्लेषकाचा निर्णय विक्रेत्याला अमान्य असल्यास दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठविण्याची मागणी तो न्यायालयात करू शके. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ मध्ये अमलात आला, तेव्हा हे भाग चार झाले. हलक्या प्रतीच्या मालाला ५ लाख रुपयांपर्यंत दंड आणि अपायकारक मालाला तुरुंगवास, अशी त्यात तरतूद आहे.

शिक्षेचा धाक आवश्यक खराच. परंतु कायद्याचा खरा आधार ती मोहोरबंद बाटलीच होय. भेसळीचा स्वस्त डबा गिऱ्हाइकाला फसवितो, तसाच निर्भेळ तूप कढविणाऱ्यालाही बाजारातून उठवितो. त्या बाटलीने एकाचे आरोग्य राखावे आणि दुसऱ्याची अब्रू.