परसातील कोंबड्यांची राखण : पिस्तूल की पक्के खुराडे?



परसात दहा-वीस कोंबड्या पाळणारे विचारतात, "मुंगूस, रानमांजर पिल्ले उचलून नेते. राखणीला लहान पिस्तूल कोणते घ्यावे?" याचे सरळ उत्तर, कोणतेही घेऊ नये.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विनापरवाना पिस्तूल बाळगणे गुन्हा आहे. परवाना मिळाला तरी मुंगूस, रानमांजर व कोल्हा यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. शिवाय अंधारात पळत्या जनावरावर नवशिक्याचा नेम लागत नाही. ०.२२ ची बारीक गोळी चुकली तर किलोमीटरभर पलीकडेही जाते; मध्ये गोठा असतो, वस्ती असते.

तोच पैसा खुराड्यावर घालावा.

१) खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, खांबांवर बांधावे.

२) चारही बाजूंनी अर्धा इंच छिद्राची वेल्डेड जाळी लावावी. रुंद छिद्राच्या जाळीतून मुंगूस आत शिरते.

३) खुराडे जमिनीवरच असेल तर जाळी एक फूट खोल पुरावी, म्हणजे उकरून वाट करता येत नाही.

४) दिवेलागणीपूर्वी कोंबड्या आत घेऊन कडी लावावी.

५) मुंगूस दिवसा फिरते. म्हणून लहान पिल्ले डालग्याखाली ठेवून वर दगड ठेवावा.

६) खुराड्याभोवतालची झुडपे काढावीत, फुटकी अंडी, मेलेली पिल्ले उघड्यावर टाकू नयेत.

वन्यप्राणी खुराड्यात अडकलाच, तर काठी न उगारता वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोंबडी वाचते ती संध्याकाळी लावलेल्या कडीने.