माकड मेलं, पण कळवलं कुणी? : गोचीड, माकडताप आणि आपण

आजचा एपिसोड बसमध्ये, ट्रेनमध्ये, जिममध्ये, जिथे ऐकत असाल तिथे ऐका. फक्त सध्या सह्याद्रीत एखाद्या झाडाखाली पाचोळ्यात बसून ऐकत असाल, तर आधी उठा. का ते सांगतोच.

आजचा विषय आहे गोचीड. हो, तीच, गुराच्या कानात नाहीतर कुत्र्याच्या मानेला चिकटलेली असते ती. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, डॉक्टर नाही. दिवसभर सिस्टीम नीट चालतेय का ते बघणं आणि बंद पडली की ती का पडली ते शोधणं, हे माझं काम. त्यामुळे या आजाराबद्दल वाचायला घेतलं तेव्हा औषधांपेक्षा मला एकाच प्रश्नात जास्त रस वाटला. पहिली खबर कोण देतं, आणि ती कुठपर्यंत पोहोचते?

गोचिडीचा आजार म्हटलं की इन्स्टावर अमेरिकेतला लाइम दिसतो. त्याची गोष्ट दोन वाक्यांत सांगतो. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावात पॉली मरे नावाची एक आई घरातल्यांचे आणि शेजाऱ्यांचे आजार वहीत टिपून ठेवत होती, आणि १९७५ च्या सुमारास तिच्यासारख्या आयांनी आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला म्हणून संशोधक तिथे पोहोचले. जिवाणू सापडला १९८२ मध्ये. म्हणजे प्रयोगशाळेच्या आधी वही होती.

आता आपल्याकडे येऊया. आपल्याकडे त्या वहीचं काम माकडं करतात.

साल १९५७. तेव्हाचं म्हैसूर राज्य, शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. तिथल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. माणसं आणि माकडं एकदम मरतायत म्हटल्यावर धसका बसला, की पीतज्वर भारतात आला की काय? कारण पीतज्वरातही माकडं मरतात. आपल्या पुण्यातलं व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. तिथल्या टीमने जंगलात जाऊन नमुने आणले आणि विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा तो नातेवाईक निघाला. जंगलाच्या नावावरून आजाराचं नाव पडलं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कोकणात आणि गोव्यात आपण त्याला माकडताप म्हणतो.

पण या नावामुळे एक घोळ होतो. लोकांना वाटतं, माकड चावल्याने होतो. तसं नाही. माकड स्वतःच या रोगाचं बळी आहे. खरी वाहक गोचीड.

हे चालतं कसं, ते नीट समजून घेऊ, कारण सगळे उपाय यातूनच निघतात. गोचिडीच्या आयुष्यात अंड्यानंतर तीन टप्पे असतात. आधी सहा पायांची बारीक अळी, मग आठ पायांचं पिल्लू, मग पूर्ण वाढलेली गोचीड. प्रत्येक टप्प्यावर तिला रक्त लागतं. लहानपणी ती उंदीर, घुशी, पक्षी, माकडं, जो मिळेल त्याला चिकटते. मोठी झाली की गाई-म्हशींना. अळीच्या टप्प्यात विषाणू शिरला तर पुढच्या टप्प्यातही तो तिच्या अंगात राहतो. माणसाला बहुतेक वेळा चावतं ते मधल्या टप्प्यातलं पिल्लू. ते खसखशीच्या दाण्याएवढं असतं, त्यामुळे चावलेलं कळतही नाही. ही पिल्लं वाढतात कोरड्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते मे.

आता माकडाकडे या. लागण झालेल्या माकडाच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो. माकड मरतं, अंग थंड पडतं, आणि अंगावरच्या गोचिडी उतरून खालच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणजे ज्या झाडाखाली माकड मेलं, ती जागा पुढे धोक्याची होते. म्हणून मेलेलं माकड सापडलं की भोवतीच्या पन्नास फुटांच्या परिघात कीटकनाशक भुकटी मारतात. पण हे कधी होणार? कुणीतरी कळवलं तर.

मग माणूस या साखळीत शिरतो कसा? पोटासाठी. सरपण आणायला, गुरं चारायला, पाचोळा गोळा करायला. आणि आपल्या पट्ट्यात काजूसाठी. गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम आणि काजूचा हंगाम बरोबर एकमेकांवर येतात. बोंडं खाली पडलेली असतात, ती वेचायला माणूस वाकून पाचोळ्यात हात घालतो. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात माकडताप आला, तेव्हा काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना असलेल्या धोक्यावर संशोधकांनी खास अभ्यास केला. २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. त्या एका हंगामात तिथे प्रयोगशाळेने पक्के केलेले रुग्ण शंभराहून जास्त होते. त्याआधी दोन-चार वर्षांत बंदीपूर, निलगिरी आणि वायनाडलाही त्याची नोंद झाली होती. पन्नासेक वर्षं कर्नाटकापुरता समजला गेलेला आजार सह्याद्रीच्या कडेकडेने दोन्ही दिशांना दिसायला लागला.

का? बोशेल नावाच्या संशोधकाने १९६९ मध्येच लिहून ठेवलं होतं, की जंगल तोडून शेती केली, गुरं जंगलात चरायला लागली, की गोचिडींची चंगळ होते. मोठ्या गोचिडींना गुरांचं रक्त मिळतं, आणि गुरं त्यांना गावाच्या वेशीपर्यंत घेऊन येतात. २०२० मध्ये ब्रिटन आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून धोक्याचे नकाशे बनवले. त्यातही असंच चित्र दिसलं: जिथे दाट ओलं जंगल आणि बागायती एकमेकांत मिसळल्यात, आणि देशी गुरं जास्त आहेत, तिथे धोका जास्त. आता दोडामार्ग किंवा सत्तरी डोळ्यासमोर आणा. जंगल, मध्येच काजू, मध्येच रबर, आणि त्यात गुरं.

आता लक्षणं. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक कडक ताप, प्रचंड डोकेदुखी, अंग मोडून येणं, उलट्या. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. काही जणांचा ताप उतरतो आणि एक-दोन आठवड्यांनी परत उलटतो, तेव्हा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. शंभरातले साधारण तीन ते पाच जण दगावतात. विषाणू मारणारं खास औषध नाही. पण वेळेत दाखल केलं, शरीरातलं पाणी आणि रक्तस्राव सांभाळला, तर बहुतेक जण बरे होतात. माणसाकडून माणसाला हा लागत नाही. त्यामुळे घरात पेशंट असला तर त्याला वाळीत टाकू नका.

"मग लस नाही का?" होती. कर्नाटकात १९९० पासून दिली जायची. पुढे कर्नाटकातल्या २००५ ते २०१० च्या आकडेवारीवरून तिचा उपयोग मोजला गेला. दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के संरक्षण, बूस्टर घेतला तर ८३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बूस्टर चुकवायचा नाही. पण दुखणारं इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यायला लोक येईनात. तिच्या दर्जाबद्दलही प्रश्न उठले, आणि २०२२ नंतर ती थांबली. नव्या लशीवर काम सुरू आहे. पण २०२४ च्या सुरुवातीला कर्नाटकात पुन्हा माणसं दगावली, तेव्हा लोकांकडे जुनी लसही नव्हती आणि नवीही नव्हती.

म्हणून मी परत त्या पहिल्या प्रश्नावर येतो. लस नसताना आपल्या हातात काय आहे? लवकर मिळालेली खबर. आमच्या कामात सर्व्हर पडायच्या आधी अलर्ट वाजावा म्हणून आम्ही किती खटाटोप करतो! इथे निसर्ग फुकटात अलर्ट देतोय. बऱ्याचदा माणसं आजारी पडायच्या आधी माकडं मरतात. पण तो अलर्ट ऐकतो कोण? ज्याला माकड दिसतं तो असतो गुराखी, काजू वेचणारी बाई, नाहीतर वनरक्षक. त्यातल्या एकाने फोन केला आणि कुणी फिरकलंच नाही, तर पुढच्या वेळी तो करेल का? नाही करणार. आणि काही वेळा माकड दुसऱ्याच कारणाने मेलेलं निघेल. निघू दे की! आम्हीही खोट्या अलर्टला वैतागतो, पण म्हणून अलर्ट बंद करत नाही. कळवणाऱ्याला "बघितलं, नमुना घेतला, हे निघालं" एवढा निरोप परत गेला पाहिजे. ॲप बनवणं सोपं आहे हो, मी एका वीकेंडला बनवून देईन. खरं काम त्या परतीच्या निरोपाचं आहे.

आणि "जंगलात जाऊ नका" हा सल्ला ज्याची चूल जंगलावर चालते त्याला देऊन उपयोग नाही. त्याला सांगायचं, ते असं:

एक. जाण्याआधी उघड्या अंगाला गोचीड पळवणारं तेल लावा. आरोग्य खातं डेपा तेल वाटतं, ते केंद्रावर मागून घ्या. पूर्ण बाह्या घाला, पॅन्ट मोज्यात खोचा.

दोन. पाचोळ्यात बसू नका, आडवं होऊ नका. माकड मेलेल्या भागातला पाचोळा गोठ्यात आणू नका.

तीन. घरी आल्यावर गरम पाण्याने, साबणाने आंघोळ करा. कपडेही गरम पाण्यात धुवा. अंग तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

चार. मेलेल्या माकडाला हात लावू नका. जागा लक्षात ठेवा आणि आशाताई, ग्रामपंचायत किंवा वनखात्याला कळवा.

पाच. ताप आला तर डॉक्टरला स्वतःहून सांगा, "मी जंगलात गेलो होतो." या एका वाक्याने योग्य तपासणी लवकर होते. विषाणू थेट शोधणारी तपासणी पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते, म्हणून घरी थांबून वेळ घालवू नका.

तुमचं गाव सावंतवाडी, दोडामार्ग, सत्तरी, चंदगड, बेळगाव या बाजूला असेल, तर हे पाच मुद्दे आज रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. लिंक नको, लिंक कुणी उघडत नाही. तुमच्या आवाजात, तुमच्या घरच्या भाषेत, मालवणीत, कोकणीत, एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवा. आजी-आजोबा तेच ऐकतात.

आणि तुमच्या गावात कुणी मेलेलं माकड कळवलं असेल, तर पुढे काय झालं ते मला नक्की लिहा. कुणी आलं की नाही, एवढं लिहिलंत तरी चालेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!